संकेतस्थळावरील नोंदणीचा अर्ज : रकाने कोणते, कोड कोठे, जबाबदारी कोणाची

पिंपरी-भोसरीतील लघुउद्योजक, चाकण, महाळुंगे आणि निघोजे परिसरातील पुरवठादार, तसेच त्यांच्या संघटनांचे दफ्तर सांभाळणारे चिटणीस यांच्याकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत वारंवार येत असतो. संकेतस्थळावर नाव नोंदवू इच्छिणाऱ्या माणसाकडून युजरनेम आणि ई-मेल एवढेच न घेता कंपनीचे नाव, मोबाइल क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि कामाचा प्रकार हेही तपशील घ्यावयाचे असल्यास ते रकाने अर्जात कसे वाढवावेत, त्यासाठीचा कोड नेमका कोणत्या फाइलमध्ये लिहावा, आणि एकदा व्यवस्थित चाललेला कोड काही महिन्यांनी अकस्मात नाहीसा का होतो, असा तो प्रश्न आहे.

लहान संस्थांची संकेतस्थळे आपल्याकडे सर्रास वर्डप्रेसवर उभी असतात. २००३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या मुक्त प्रणालीच्या मूळ नोंदणी-अर्जात दोनच रकाने असल्यामुळे हा प्रश्न उद्भवतो, म्हणून पुढील विवेचन वर्डप्रेस गृहीत धरून केले आहे. कोडमधील नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी प्रत्यक्ष फाइलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांतच लिहावयाची आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रकाना वाढविणारा कोड दहावीस ओळींचा असतो आणि थोडी ओळख असलेला तरुण तो एका दुपारी लिहू शकतो. परंतु तो रकाना मागण्याचा आपणांस अधिकार आहे काय, मिळालेली माहिती आपण कशी सांभाळणार आहोत, आणि आपल्या तपासणीच्या नियमांमुळे एखादा प्रामाणिक माणूस दारातूनच परत जाणार नाही ना, याचा निर्णय कोड करीत नाही. तो आपणांसच करावा लागतो.

आधी कागदावर : रकाना कशासाठी?

संगणकाला हात लावण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येक अपेक्षित रकाना लिहावा आणि त्यापुढे तीन प्रश्नांची उत्तरे मांडावीत : हा तपशील कोण वापरणार, कोणत्या वेळी वापरणार, आणि काम संपल्यावर तो केव्हा पुसला जाणार. ज्या रकान्यापुढे यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर लिहिता येत नसेल, तो रकाना निःसंकोच खोडावा. आपल्या परिसरातील नेहमीच्या गरजा पाहता साधारण विभागणी अशी होते :

- जॉबवर्क करणाऱ्यांची सूची : कंपनीचे नाव, संपर्कासाठी व्यक्तीचे नाव, मोबाइल, कामाचा प्रकार (टर्निंग, व्हीएमसी, शीटमेटल, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग इत्यादी) आणि शेड कोणत्या भागात आहे, एवढे पुरेसे असते.
- खरेदीदाराने कोटेशन मागविणे : नाव, कंपनी आणि ई-मेल पुरे. जीएसटी क्रमांक ऑर्डर निश्चित झाल्यावर, बिल करण्याच्या वेळी घ्यावा.
- संघटनेचे सभासद : सभासद क्रमांक आणि नाव. बाकीचा तपशील कार्यालयात आधीच असतो. तो पुन्हा मागितल्याने दोन ठिकाणी दोन भिन्न नोंदी तयार होतात.
- शिकाऊ उमेदवार : नाव, ट्रेड, आयटीआय, उत्तीर्ण होण्याचे वर्ष, आणि वय १८ पूर्ण आहे किंवा नाही याचा खुलासा. या शेवटच्या रकान्याचे कारण पुढे हक्कांच्या विवेचनात येईल.

आधार क्रमांकाचा रकाना मात्र घालू नये. शासनाच्या उद्यम नोंदणीत आधार मागितला जातो, म्हणून आपल्या संकेतस्थळानेही तो मागावा, हा युक्तिवाद टिकणारा नाही. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली उद्यम नोंदणी ही शासकीय अधिसूचनेने चालणारी व्यवस्था आहे. उलटपक्षी सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायद्याच्या कलम ५७ मधील खासगी संस्थांना मोकळीक देणारा भाग रद्द ठरविल्यामुळे, एखाद्या सर्वसाधारण खासगी संकेतस्थळाने आधारची सक्ती करण्यास कायद्याचे पाठबळ उरलेले नाही.

चार मार्ग आणि त्यांची निवड

1. मूळ अर्ज तसाच ठेवणे. युजरनेम आणि ई-मेल घेऊन खाते उघडावे व उरलेला तपशील माणूस आत आल्यावर, प्रोफाइलमध्ये, सवडीने भरून घ्यावा. नोंदणी करणारे लोक थोडे असतील आणि त्यांच्याशी आपला प्रत्यक्ष परिचय असेल, तर हाच मार्ग उत्तम.
2. तयार प्लगइन बसविणे. कोड न लिहिता रकाने वाढविता येतात. तथापि प्लगइन निवडताना ते अलीकडे अद्ययावत झाले आहे काय, आणि माहिती आपल्याच डेटाबेसमध्ये राहते की अन्य कंपनीच्या सर्व्हरवर जाते, हे पाहिल्यावाचून निर्णय करू नये.
3. स्वतःचा लहानसा कोड लिहिणे. दोनतीन रकाने आणि आपल्या गरजेची तपासणी एवढेच हवे असेल, तर हा मार्ग हलका, स्वच्छ आणि दीर्घकाळ टिकणारा ठरतो. या लेखाचा मुख्य भर त्यावर आहे.
4. व्यावसायिकाकडून लिहून घेणे. मंजुरीची साखळी, शुल्कभरणा किंवा अन्य प्रणालींशी जोडणी हवी असल्यास हाच मार्ग घ्यावा. मात्र त्यापूर्वी कराराविषयीचा पुढील भाग अवश्य वाचावा.

संकेतस्थळावर वूकॉमर्सचे दुकान असेल, तर तेथील खाते उघडण्याचा अर्ज वेगळा असतो आणि त्याचे हुकही (आपला कोड जोडण्याच्या ठरावीक जागा) वेगळे असतात. वर्डप्रेसच्या मूळ अर्जासाठी लिहिलेला कोड तेथे चालत नाही, आणि ‘कोड बरोबर आहे, पण रकाना दिसत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच कारण असते. ग्राहक कोणत्या पानावरून नोंदणी करतो, हे प्रथम निश्चित करावे.

कोड कोठे लिहावा

बहुतेक जण सापडलेला कोड थीमच्या ‘फंक्शन्स.पीएचपी’ या फाइलमध्ये चिकटवितात. तो तत्काळ चालतो. परंतु थीमची नवी आवृत्ती बसविली जाताच ती फाइल बदलली जाऊन आपला कोड पुसला जातो, आणि थीमच बदलली तर अर्जातील रकानेही तिच्याबरोबर जातात. नोंदणी हा संस्थेच्या कारभाराचा भाग आहे, संकेतस्थळाच्या वेषभूषेचा नव्हे. म्हणून त्याचा कोड थीमवर अवलंबून राहता कामा नये.

- आपल्या कोडसाठी एक स्वतंत्र प्लगइन तयार करावे. प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये एक नवी फाइल, तिच्या शिरोभागी प्लगइनचे नाव सांगणारी टीप, आणि त्याखाली आपला कोड, एवढ्यावर ते उभे राहते.
- हात घालण्यापूर्वी फाइली आणि डेटाबेस या दोहोंची प्रत काढून ठेवावी, आणि ती प्रत त्याच सर्व्हरवर न ठेवता अन्यत्र ठेवावी.
- शक्य असल्यास प्रथम चाचणीच्या प्रतीवर काम करावे. २०१९ मधील ५.२ या आवृत्तीपासून गंभीर चूक झाल्यास वर्डप्रेस व्यवस्थापकाच्या ई-मेलवर दुरुस्तीचा दुवा पाठविते. तो ई-मेल पत्ता चालू आहे ना, हे आधीच तपासावे.

कोडची चार कामे

नोंदणी-अर्जातील प्रत्येक नव्या रकान्यासाठी चार कामे करावी लागतात. पहिले काम करून थांबणारे पुष्कळ असतात, आणि रकाना दिसूनही त्यातील माहिती कोठेच सापडत नाही, असा अनुभव त्यांना येतो.

1. दाखविणे : ‘रजिस्टर_फॉर्म’. या हुकला जोडलेल्या फंक्शनमध्ये रकान्याचे लेबल आणि इनपुट लिहावे. एखादी चूक दाखवून अर्ज परत आला, तर माणसाने आधी भरलेला मजकूर त्या रकान्यात पुन्हा दिसेल अशी तजवीज करावी, आणि तो मजकूर छापताना ‘एस्क_अॅट्र’ या फंक्शनमधूनच छापावा. मोबाइलवरून भरणाऱ्यासाठी क्रमांकाच्या रकान्याला आकड्यांचा कळफलक उघडेल असा प्रकार द्यावा.
2. तपासणे : ‘रजिस्ट्रेशन_एरर्स’. रकाना रिकामा आहे किंवा मजकूर अयोग्य आहे, असे आढळल्यास येथे चुकीचा संदेश जोडावयाचा असतो. या फंक्शनला तीन गोष्टी मिळतात : आतापर्यंतच्या चुका, युजरनेम आणि ई-मेल, म्हणून हुक जोडताना तीन हा आकडा नमूद करावा. फंक्शनच्या शेवटी चुकांची ती वस्तू रिटर्न करणे अनिवार्य आहे. ती एक ओळ राहिली, तर संपूर्ण नोंदणीच बंद पडते.
3. साठविणे : ‘यूजर_रजिस्टर’. खाते तयार झाल्यावर हा हुक चालतो आणि त्याला नव्या सदस्याचा क्रमांक मिळतो. मजकूर ‘सॅनिटाइझ_टेक्स्ट_फील्ड’ मधून गाळून ‘अपडेट_यूजर_मेटा’ ने साठवावा. व्यवस्थापक आतून एखादा सदस्य जोडतो, तेव्हाही हाच हुक चालतो आणि त्या वेळी आपला रकाना आलेलाच नसतो. म्हणून रकाना आला आहे ना, हे पाहूनच पुढे जावे.
4. पुढे पाहणे आणि दुरुस्त करणे. सदस्याला स्वतःच्या प्रोफाइलमध्ये रकाना दिसण्यासाठी ‘शो_यूजर_प्रोफाइल’, व्यवस्थापकाला दिसण्यासाठी ‘एडिट_यूजर_प्रोफाइल’, आणि केलेली दुरुस्ती जतन होण्यासाठी ‘पर्सनल_ऑप्शन्स_अपडेट’ व ‘एडिट_यूजर_प्रोफाइल_अपडेट’ हे हुक आहेत. दुरुस्ती जतन करण्यापूर्वी ती करणाऱ्यास तसा अधिकार आहे काय, हे ‘करंट_यूजर_कॅन’ ने तपासावे. हे चौथे काम ऐच्छिक समजू नये. मोबाइल क्रमांक बदललेल्या माणसाला तो दुरुस्त करता आलाच पाहिजे.

ब्राउझरमध्ये केलेली तपासणी ही केवळ भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते आणि ती कोणासही सहज टाळता येते. म्हणून तिला सर्व्हरवरील तपासणीचा पर्याय मानू नये.

प्रामाणिक माणूस अडू नये म्हणून

परक्या मुलुखातील नमुन्यावरून उचललेले तपासणीचे नियम आपल्या लोकांच्या नावांना आणि पत्त्यांना लागू पडतातच असे नाही. या पट्ट्यात ज्यांच्यासाठी अर्ज तयार करावयाचा, त्यांत भोसरीचा पिढीजात शेतकरी-उद्योजक आहे, उत्तर प्रदेशातून आलेला फॅब्रिकेटर आहे आणि तामिळनाडूतून आलेला अभियंताही आहे. आणि या प्रत्येकाला हा अर्ज अडखळल्यावाचून भरता आला पाहिजे.

- नाव. नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीन सक्तीचे रकाने करू नयेत. ज्यांच्याकडे आडनावाची रीत नाही, त्यांना तेथे काहीतरी बनावट लिहावे लागते. ‘पूर्ण नाव’ हा एकच रकाना पुरेसा आहे.
- देवनागरी अक्षरे. ‘फक्त अक्षरे चालतील’ असा नियम लिहिताना युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार यांचा वर्ग अक्षरांहून निराळा आहे, हे विसरू नये. केवळ अक्षरांचा वर्ग स्वीकारणारा नियम ‘कदम’ हे आडनाव घेतो आणि ‘शिंदे’ नाकारतो. दोन्ही वर्गांना परवानगी द्यावी.
- लांबीची मर्यादा. ‘स्वप्नील’ हे नाव युनिकोडच्या ८ चिन्हांचे असले, तरी साठवणीत २४ बाइट घेते. ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन बाइट मोजते. म्हणून मर्यादा घालावयाचीच असेल, तर ‘एमबी_स्ट्रलेन’ वापरावे आणि मर्यादा सढळ ठेवावी.
- देवनागरी आकडे. मराठी कळफलकावरून भरणारा माणूस मोबाइल क्रमांक देवनागरी आकड्यांत लिहील, आणि इंग्रजी आकड्यांसाठी लिहिलेली तपासणी तो नाकारील. तपासणीपूर्वी देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकड्यांत रूपांतर करणारी एक ओळ घालावी.
- मोबाइल क्रमांक. मधल्या मोकळ्या जागा, आरंभीचे शून्य किंवा देशाचा ९१ हा क्रमांक आधी काढून टाकावा आणि मग १० आकडे व पहिला आकडा ६ ते ९ एवढेच पाहावे. ‘क्रमांक चुकीचा आहे’ असे म्हणून माणसाला परत पाठविण्यापेक्षा ही सफाई कोडनेच करावी.
- पिनकोड. आकुर्डीचा ४११०३५ आणि निगडीचा ४११०४४ पाहून ‘४११ ने सुरू झाला पाहिजे’ असा नियम कोणी लिहिला, तर ४१०५०१ असलेले चाकण बाहेर राहते. सहा आकडे असावेत आणि पहिला शून्य नसावा, एवढाच नियम रास्त आहे.
- पत्ता. एमआयडीसीतील पत्त्यात ब्लॉकचे अक्षर, प्लॉट क्रमांक आणि शेड क्रमांक येतात. चाकण, कुरुळी, नाणेकरवाडीकडील पत्त्यात गट नंबर आणि त्यातील तिरपी रेघ येते. तिरपी रेघ, पूर्णविराम आणि संयोगचिन्ह यांना मज्जाव करू नये. आणि रस्त्याचे नाव सक्तीचे करू नये, कारण पुष्कळ शेडना ते नसतेच.
- जीएसटी क्रमांक. हा १५ चिन्हांचा असतो : पहिली दोन राज्याची, पुढील दहा पॅनची, तेरावे त्याच पॅनवरील राज्यातील नोंदणीचे, चौदावे बहुधा झेड, आणि पंधरावे पडताळणीचे. महाराष्ट्राचा संकेत २७ आहे. तथापि गुजरातचा २४ किंवा तामिळनाडूचा ३३ असलेला पुरवठादारही चाकणला माल पाठवितो, म्हणून २७ ची सक्ती करू नये. वार्षिक उलाढाल सेवांसाठी २० लाख आणि मालासाठी ४० लाख रुपयांच्या आत असलेल्या महाराष्ट्रातील लहान व्यावसायिकास सर्वसाधारणतः जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. एका लेथवर काम करणारा टर्नर याच वर्गात मोडतो. त्याच्यासाठी हा रकाना ऐच्छिकच असला पाहिजे.
- युजरनेम. वर्डप्रेसचे एकल संकेतस्थळ देवनागरीतील युजरनेम स्वीकारीत नाही. ही अट रकान्याशेजारीच मराठीत लिहावी, आणि लॉगिन करताना युजरनेमऐवजी ई-मेलही चालतो, हेही सांगावे. २०१६ पासून ती सोय आहे.

धोक्याच्या जागा

- अधिकारपद अर्जातून घेऊ नये. ‘पुरवठादार’ किंवा ‘खरेदीदार’ निवडण्यासाठी केलेल्या रकान्यातील मूल्य जसेच्या तसे वर्डप्रेसच्या ‘रोल’मध्ये उतरविले, तर कोणीही लबाड माणूस तेथे ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ हा शब्द पाठवून संपूर्ण संकेतस्थळ ताब्यात घेऊ शकतो. नव्या सदस्याला सब्स्क्रायबर हेच पद द्यावे. त्याची निवड स्वतंत्र मेटामध्ये साठवावी, आणि तीही ठरावीक यादीतीलच आहे, याची खातरजमा सर्व्हरवर करावी.
- आलेले सर्व काही साठवू नये. अर्जातून आलेल्या प्रत्येक मूल्यावर चक्र फिरवून ते साठविणारा कोड आटोपशीर दिसतो, परंतु तो वरील संकटालाच आमंत्रण देतो. प्रत्येक रकान्याचे नाव घेऊन, एकेक करून साठवावे.
- कागदपत्रे अर्जाबरोबर मागवू नयेत. दाखले आणि पॅनच्या छायाप्रती निनावी माणसाकडून सर्व्हरवर येऊ देणे धोक्याचे आहे, आणि चुकून उघड्या फोल्डरमध्ये राहिल्यास त्या कोणासही वाचता येतात. आवश्यक असल्यास लॉगिन झाल्यावर, मर्यादित प्रकारच्या फाइली घ्याव्यात.
- यांत्रिक नोंदण्या. नोंदणी खुली करताच बनावट खात्यांचा लोंढा सुरू होतो. माणसाला न दिसणारा आणि यंत्राने भरल्यास अर्ज फेटाळणारा एक रकाना, किंवा कॅप्चा, यांपैकी एक उपाय करावा. आणि सूची सार्वजनिक असेल, तर नाव प्रसिद्ध करण्यापूर्वी कार्यालयाची मंजुरी ठेवावी.
- ई-मेल पोहोचणे. २०१५ पासून वर्डप्रेस पासवर्ड न पाठविता तो ठरविण्याचा दुवा पाठविते. होस्टिंगच्या साध्या यंत्रणेतून गेलेले असे ई-मेल पुष्कळदा स्पॅममध्ये पडतात. म्हणून आपल्या डोमेनच्या अधिकृत एसएमटीपीची जोडणी करावी.
- दुव्याची मुदत. हा दुवा मूळ व्यवस्थेत एक दिवस चालतो. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुटी असते. बुधवारी दुपारी ऑफिसच्या ई-मेलवर नोंदणी करणारा माणूस शुक्रवारी दुवा उघडतो, तेव्हा मुदत संपलेली असते. ‘पासवर्ड_रीसेट_एक्स्पिरेशन’ या फिल्टरने ती तीन दिवसांची करता येते. मुदत फार लांबवू मात्र नये.

नोंदणी करणाऱ्याचे हक्क, आपली कर्तव्ये

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला, आणि त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ अस्तित्वात आला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून सूचना, संमती आणि सुरक्षितता यांविषयीच्या प्रमुख तरतुदींच्या अंमलासाठी त्या वेळेपासून १८ महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. आज अर्ज तयार करणाऱ्याने तो या कायद्यास अनुसरूनच तयार करावा, यातच शहाणपणा आहे.

‘आम्ही तर कंपन्यांची माहिती घेतो, व्यक्तींची नव्हे’ हा समज बरोबर नाही. संपर्क-व्यक्तीचे नाव आणि मोबाइल ही व्यक्तीचीच माहिती होय. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, एकल मालकीच्या वर्कशॉपच्या जीएसटी क्रमांकात मालकाचा स्वतःचा पॅन समाविष्ट असतो. म्हणजे तो क्रमांकही वैयक्तिक माहितीच ठरतो.

- सूचना. कोणती माहिती, कोणत्या कामासाठी घेतली जात आहे, आणि तक्रार कोठे करावी, हे अर्जापाशीच सोप्या शब्दांत लिहावे. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय देणे कायद्यास अपेक्षित आहे. म्हणून मराठी मजकूर द्यावाच.
- संमती. संमतीची चौकट आधीच खूण केलेली नसावी. नोंदणीची संमती आणि जाहिरातीच्या संदेशांची संमती या दोन वेगळ्या चौकटी असाव्यात, आणि दुसरी नाकारल्याने नोंदणी अडू नये. संमती दिल्याची वेळ आणि त्या वेळच्या मजकुराची आवृत्ती साठवून ठेवावी.
- माघार. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असले पाहिजे. नोंदणी एका मिनिटात आणि नाव काढण्यासाठी लेखी अर्ज, ही पद्धत कायद्याच्या विरुद्ध आहे.
- पाहणे, दुरुस्त करणे, पुसणे. हे हक्क सदस्यास आहेत. वर्डप्रेसमध्ये २०१८ पासून वैयक्तिक माहिती काढून देण्याची व पुसण्याची साधने आहेत. परंतु आपण कोडने वाढविलेले रकाने त्यांत आपोआप येत नाहीत. ‘डब्ल्यूपी_प्रायव्हसी_पर्सनल_डेटा_एक्स्पोर्टर्स’ आणि ‘डब्ल्यूपी_प्रायव्हसी_पर्सनल_डेटा_इरेझर्स’ या फिल्टरांद्वारे ते जोडावे लागतात.
- १८ वर्षांखालील उमेदवार. आयटीआयतून आलेला शिकाऊ उमेदवार सतरा वर्षांचाही असू शकतो. अशा वेळी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक आहे. ती व्यवस्था नसेल, तर त्याला ऑनलाइन नोंदणीऐवजी पालकांसह कार्यालयात बोलवावे.
- सुरक्षितता. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास कायद्याने २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. लहान संस्थेवर तो कमाल दंड होईल असे नाही. पण सुरक्षित एचटीटीपीएस जोडणी, नियमित अद्ययावतीकरण आणि व्यवस्थापकाच्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी, एवढे तरी न करण्यास कोणतेही कारण उरत नाही.

कोड दुसऱ्याकडून लिहून घेताना

पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, ही समजूत सार्वत्रिक असली तरी कायद्याला ती मान्य नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये संगणकीय प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. तो पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिला असेल, तर हक्क मालकाचा. परंतु स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क त्या व्यावसायिकाचाच राहतो. म्हणून :

1. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशी घ्यावे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते समजले जाते. म्हणून दोन्ही नमूद करावीत.
2. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर, संस्थेच्याच ई-मेलवर नोंदवावे. व्यावसायिकाला काम करण्यापुरते स्वतंत्र खाते द्यावे आणि काम संपताच ते बंद करावे.
3. कोडची फाइल, कोणता रकाना कोठे साठतो याचे टिपण, आणि बॅकअप परत बसविण्याची रीत, या तिन्ही गोष्टी हाती आल्याखेरीज अंतिम हप्ता देऊ नये.
4. सदस्यांची माहिती व्यावसायिकाने स्वतःच्या संगणकावर ठेवू नये, चाचणीसाठी खऱ्या नोंदी वापरू नयेत, हे करारात लिहावे. माहिती फुटल्यास सदस्यांना जबाब आपणांसच द्यावा लागतो.

अर्ज खुला करण्यापूर्वी

कारखान्यात पहिला नग मापून पाहिल्यावाचून लॉट चालू करीत नाहीत. तोच शिरस्ता येथेही पाळावा. अर्ज पुढीलप्रमाणे स्वतः भरून पाहावा :

- साध्या मोबाइलवरून, संपूर्ण मराठीत, देवनागरी आकड्यांसह;
- केवळ एका शब्दाचे नाव देऊन, आणि जीएसटीचा रकाना रिकामा ठेवून;
- चाकणचा पिनकोड आणि तिरपी रेघ असलेला गट नंबर लिहून;
- जाणूनबुजून चूक करून; चुकीचा संदेश मराठीत, नेमका आणि सौम्य आहे काय, आणि बाकीचा मजकूर जागेवर राहतो काय, हे पाहावे;
- ई-मेल खरोखर येतो काय, आणि दुव्यावरून पासवर्ड ठरविता येतो काय, हे जीमेलवर आणि कंपनीच्या ई-मेलवर निरनिराळे तपासावे;
- शेवटी ती चाचणीची नोंद प्रोफाइलमधून दुरुस्त करून आणि मग संपूर्ण पुसून.

यांतील सर्व गोष्टी व्यवस्थित झाल्या, तर सेटिंग्जमधील सर्वसाधारण विभागात जाऊन ‘कोणीही नोंदणी करू शकेल’ या चौकटीत खूण करावी. त्यानंतर दर सहा महिन्यांनी आरंभीचा तो कागद पुन्हा काढावा आणि गेल्या सहा महिन्यांत ज्या रकान्याकडे कार्यालयातील कोणीही पाहिले नाही, तो अर्जातून आणि डेटाबेसमधूनही काढून टाकावा. वाचकांना आग्रहाची विनंती एवढीच की, नवा रकाना घालण्यापूर्वी तो भरणाऱ्या माणसाचा विचार करावा : दिवसभर मशीनवर उभा राहून, संध्याकाळी मोबाइलवर आपले नाव नोंदविणाऱ्या त्या कारागिराने आपल्यावर विश्वास ठेवून माहिती दिलेली असते, आणि त्या विश्वासास पात्र राहणे हे अर्ज मांडणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.